फेरफार आधी, सातबारा मागाहून

डेटाबेसमधील मूळ तक्ते आणि त्यांत होणाऱ्या बदलांचा लॉग एकाच डिस्कवर ठेवावा की निरनिराळ्या, हा प्रश्न वरवर पाहता संगणक विभागाच्या सोयीचा वाटतो. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात, जेथे हापूसच्या एकेका बागेच्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहहिस्सेदारांची नावे असतात आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आहे, तेथे तो थेट हक्कांच्या सुरक्षिततेशी जोडलेला आहे.

लॉगचे कार्य महसुली दप्तरावरून चांगले उमगते. खरेदीखत झाले म्हणून तलाठी लगेच सातबाऱ्यावर नाव चढवीत नाही; आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत उलटल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. डेटाबेसही बदल प्रथम लॉगमध्ये पक्का करतो व मूळ तक्ता सवडीने सुधारतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लागू करता येतात आणि अर्धवट राहिलेले मागे घेता येतात. या पद्धतीला ‘एरीज’ या नावाने काटेकोर शास्त्रीय रूप देणारा शोधनिबंध १९९२ मध्ये आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या मोहन यांचे ऋण अनेक डेटाबेस प्रणालींवर आहे.

रविवारचा बॅकअप आणि त्यानंतरचा अखंड लॉग हाती असेल, तर बुधवारी दुपारी मूळ डिस्क निकामी झाली तरी त्या दुपारपर्यंतची स्थिती परत उभी करता येते. तक्ते आणि लॉग एकाच डिस्कवर असतील, तर रविवारनंतरचे सारे गेले. मात्र पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कवर आखलेले स्वतंत्र कप्पे असल्याने, लॉगला वेगळे पार्टिशन दिल्यावर वाढत्या तक्त्यांमुळे त्याची जागा संपत नाही इतकाच लाभ होतो. डिस्क बिघडली की सर्व कप्पे एकदमच जातात. शिवाय विभागणीमुळे बॅकअप सोपा होतो, हा समजही अपुरा आहे. तक्ते एका पार्टिशनवर आणि लॉग दुसऱ्यावर असताना चालू डेटाबेसच्या दोन्हींच्या प्रती नुसत्या मागेपुढे घेतल्या, तर त्या परस्परांशी जुळत नाहीत. आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘टेबलस्पेस’, म्हणजे निवडक तक्त्यांसाठी नेमलेली वेगळी जागा, मुख्य डेटाबेसवाचून एकटी परत उभी राहत नाही.

डिस्क दोन असल्या तरी त्या एकाच खोलीत असणे पुरेसे नाही, हे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवल्यानंतर वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. परंतु दूर ठेवलेली प्रतही प्रत्यक्ष परत भरून पाहिल्याखेरीज विश्वासार्ह ठरत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा नित्याचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नसल्याचे उघड झाले. त्याबाबतच्या सूचनांचे ईमेल पोहोचण्यापूर्वीच नाकारले जात होते, आणि अखेर एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करावा लागला.