फोनमधलं प्लेस्टेशन

कोनामीचा 'प्रो इव्होल्युशन सॉकर ६' प्लेस्टेशन २ वर आला २००६ साली. त्या यंत्राचा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्‌झचा, मेमरी ३२ एमबी. आजच्या मध्यम फोनचा प्रोसेसरही त्याच्या कितीतरी पट वेगवान. तरी एम्युलेटरवर हाच खेळ लावला की फोन तापतो आणि खेळातल्या आद्रियानो या खेळाडूची जबरदस्त डावखुरी किक स्लो मोशनमध्ये निघते!

कारण फोनला नुसता खेळ चालवायचा नसतो, आख्खं प्लेस्टेशन वठवायचं असतं. मुख्य प्रोसेसर, दोन व्हेक्टर युनिट, ग्राफिक्स आणि आवाजाच्या चिपा, सगळ्यांची सोंगं एकट्याने आणि तालात. त्यातून मूळ सूचना मिप्स प्रोसेसरच्या. त्या सामना चालू असतानाच आर्मच्या भाषेत फिरवायच्या.

गणितसुद्धा निराळं. दशांशाच्या हिशेबात शून्याने भागलं की आजचा प्रोसेसर 'अनंत' म्हणून मोकळा होतो. प्लेस्टेशन २ ला अनंत ठाऊकच नाही. ते आपल्याजवळची सर्वांत मोठी संख्या पुढे करतं. सेटिंगमधलं 'क्लॅम्पिंग' फोनच्या अनंताला त्या संख्येवर आणून बसवतं. केवढी बारीक नक्कल! तिथे उगाच बोट घालू नये.

लक्ष द्यायचं ते वेळेकडे. युरोपातल्या पाल डिस्कचा हिशेब सहसा सेकंदाला ५० चित्रांचा, पुष्कळ फोनचा पडदा मात्र ६० वेळा ताजा होणारा. मग दर पाच चित्रांतलं एक दोनदा दिसतं. लांब पासमागे कॅमेरा सरकताना जो बारीक हिसका जाणवतो, तो हाच. त्यावर कुठलंही ग्राफिक्स सेटिंग चालत नाही. ६० च्या हिशेबाची अमेरिकन आवृत्ती, 'विनिंग इलेव्हन' नावाची, घेतली की तो जातो. (डिस्क आणि बायॉस, म्हणजे प्लेस्टेशनचं मूळ सॉफ्टवेअर, स्वतःचेच हवेत, हे आलंच.)

रिझोल्यूशन आधी मूळ पटीतच ठेवा. दुप्पट केलं की पिक्सेल चौपट होतात, आणि सहा इंची पडद्यावर फरक शोधावा लागतो. व्हेक्टर युनिटला वेगळा थ्रेड द्या. फ्रेमस्किप फुटबॉलला नकोच, गोलकीपरची झेप नेमकी गाळलेल्या चित्रात जायची. एवढं करूनही अडखळलं तर मुख्य प्रोसेसरचा 'ईई सायकल रेट' एक पायरी खाली घ्या: प्रोसेसर मुळातच हळू आहे अशी खेळाला थाप मारायची. पुष्कळदा ती पचते.

खरी परीक्षा दुसऱ्या हाफमध्ये. फोन तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणि टाइम स्ट्रेच चालू असेल तर पीटर ब्रॅकलीची कॉमेंट्री आवाजाची पट्टी न सोडता लांबत जाते. तेव्हा सेटिंगशी झटापट न करता फोनचं कव्हर काढावं.