न सापडणारी हार्ड डिस्क

जुना संगणक सुरू करताच पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची सूचना आली, की डिस्क निकामी झाली असा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईने काढला जातो. वस्तुतः डिस्क सापडणे ही अनेक टप्प्यांची क्रिया असते: डिस्कला वीज मिळते, तिच्या तबकड्या फिरू लागतात, केबलमार्फत ती आपली ओळख देते आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेला आरंभीचा प्रोग्राम, त्या ओळखीची नोंद घेतो. यांपैकी कोणताही दुवा तुटला तरी सूचना जवळपास सारखीच येते. म्हणूनच डिस्कवर एक अक्षरही न लिहिता जे तपासता येते, ते आधी तपासणे अगत्याचे ठरते.

पहिला संशय मदरबोर्डवरच्या सेलवर घ्यावा. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या पीसी एटीपासून डिस्कचा तपशील सीमॉस या सेलवर जिवंत राहणाऱ्या छोट्या स्मृतीत ठेवला जाऊ लागला. सेल उतरला की घड्याळ मागे जाते आणि त्याबरोबर डिस्कची नोंदही पुसली जाते. पुढच्या काळातील संगणकांत सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल सहज बदलता येतो. त्याआधीच्या काही मदरबोर्डांवर मात्र निकेल-कॅडमियमचा सेल डाग देऊन बसवलेला असे आणि तो पाझरला तर आसपासच्या तांब्याच्या रेषाच खाऊन टाकतो. ज्या बायोसला डिस्क आपोआप ओळखता येत नाही, तेथे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागतात. हे आकडे डिस्कच्या लेबलावर असतात. पण पूर्वी वेगळेच आकडे वापरून डिस्क तयार केलेली असेल, तर ती ओळखली जाऊनही तिच्यातील मजकूर वाचता येत नाही.

त्यानंतर, वीजपुरवठा पूर्ण तोडून, केबल पाहावी. आयडीई पद्धतीत एका पट्टीकेबलवर दोन उपकरणे बसतात आणि त्यांतील मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोपीने ठरते. दोन्ही उपकरणांनी मास्टरपणाचा दावा केला तर अनेकदा एकही दिसत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या कित्येक डिस्कमध्ये एकटी डिस्क आणि स्लेव्हसह मास्टर या दोन वेगळ्या मांडण्या असल्याने सीडी ड्राइव्ह काढून टाकल्यावर चांगली डिस्कही दिसेनाशी होऊ शकते. हा बारकावा दुरुस्ती करणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतो. ऐंशी तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डकडे आणि काळे टोक मास्टरकडे जाते.

जुन्या यंत्रात मोठी डिस्क बसवली असल्यास अडचण मापाचीही असू शकते. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट यांचा गुणाकार सुमारे ५२८ मेगाबाइट होतो. जुन्या बायोसची धाव तेथेच संपत असे. नंतरच्या काळात २८ बिटांच्या पत्त्यांमुळे आणखी एक मर्यादा सुमारे १३७ गीगाबाइटवर आली. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीच्या डिस्कच्या बाबतीत अडचण वेगळी असते: सेल उतरून सेटिंग बदलले आणि आयडीईऐवजी एएचसीआय ही पद्धत लागू झाली, तर बायोसला डिस्क दिसत असूनही विंडोज एक्सपी निळ्या पडद्यावर थांबते.

डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक येत असेल, तर मात्र वरची सारी चाचपणी थांबवून वीज बंद करावी, कारण प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक तबकडीला इजा वाढण्याचा धोका असतो. डिस्क शांतपणे फिरत असेल, तर फॉरमॅटच्या सूचनेला होकार न देता आधी तिची संपूर्ण प्रत काढावी. डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम सुलभ भाग आधी वाचून अवघड भागांकडे नंतर वळतो. मराठी छपाईच्या दृष्टीने या दक्षतेचे मोल फार मोठे आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये जुळवलेला मजकूर त्या-त्या फाँटशिवाय निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, त्यामुळे प्रत काढताना केवळ लेखांच्या फायली न उचलता फाँटचा फोल्डरही सोबत घ्यावा लागतो.