कुलूप लावल्याने मेमरी सुटत नाही

समजा, सावनेर बाजारातले कापसाचे रोजचे भाव आणि आवक इलास्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये साठवली आहे. दर महिन्याला एक नवा इंडेक्स. चालू हंगामाचे भाव सगळेच बघतात, २०१८चा मार्च मात्र क्वचितच कुणाला लागतो.

अशा वेळी हमखास सांगितलं जातं, ‘जुने इंडेक्स रीड-ओन्ली करा, सर्व्हर हलका होईल.’ तसा तो होत नाही. अशा कुलपाने लिहिणं थांबतं, पण शार्ड, म्हणजे इंडेक्सचा तुकडा, उघडाच असतो. त्याच्या फाइली खुल्या राहतात आणि तो हीप मेमरीतली जागाही अडवून बसतो. आवृत्ती ७ येईपर्यंत इंडेक्सला आपोआप ५ प्रायमरी शार्ड आणि प्रत्येकाची एक प्रत मिळायची. म्हणजे वर्षाला १२० शार्ड! एक जीबी हीपमागे २०पेक्षा जास्त शार्ड नकोत, असा तेव्हाचा सल्ला होता. त्या हिशेबाने एका वर्षाच्या भावांसाठी ६ जीबी हीप अडकते.

खरी बचत कुलूप लावल्यानंतरच्या कामांत आहे. इलास्टिकसर्चच्या पोटातल्या ल्युसीन लायब्ररीचे सेगमेंट, म्हणजे शार्डचे डिस्कवरचे भाग, एकदा लिहिले की बदलत नाहीत. नोंद पुसली तरी विलीनीकरण होईपर्यंत ती डिस्कवरच असते. लिहिणं कायमचं थांबलं की ‘फोर्स मर्ज’ करून सगळे सेगमेंट एकत्र करता येतात. ‘श्रिंक’ करून पाचाचा एक शार्ड करायचा, तर आधी लिखाण बंद करावंच लागतं. पण बाजारभावासारख्या छोट्या डेटाला माझ्या मते सरळ उपाय बरा: बारा महिन्यांच्या नोंदी रीइंडेक्स करून वर्षाचा एकच इंडेक्स करावा, पडताळून जुने बारा काढावेत आणि मग कुलूप लावावं.

कुलपंही सगळी सारखी नसतात. ‘ब्लॉक्स.राइट’ फक्त नोंदी लिहिणं अडवतं, तर ‘ब्लॉक्स.रीड_ओन्ली’ सेटिंग बदलणंही अडवतं. त्यामुळे पुढे प्रतींची संख्या कमी करायची असेल तर पहिलंच वापरावं. डिस्क ९५ टक्के भरल्यावर इलास्टिकसर्च स्वतःहून लावतं ते कुलूप वेगळं. ती बचत नव्हे, धोक्याची सूचना आहे.

‘फ्रीझ’ करण्याचा सल्लाही अजून फिरतो. २०१९मध्ये ६.६ आवृत्तीत आलेली ही सोय ७.१४मध्ये कालबाह्य ठरली आणि ८.०पासून नवा इंडेक्स गोठवता येत नाही.

आणि रीड-ओन्ली म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की कुलपासकट डेटा जातो. जागा वाचवण्यासाठी शार्डच्या प्रती कमी करण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा आणि तो एकदा रिस्टोअर करून पाहावा.