अल्पकालीन सेवायात्रा आणि श्रद्धेची शिकवण



आजचा विषय ख्रिस्ती मंडळ्यांतील एका प्रघाताचा आहे. परंतु त्यांतून निघणारा प्रश्न कोणत्याही धर्माच्या सेवाभावी माणसास लागू पडावा असा आहे. आठ-पंधरा दिवसांची रजा काढून कांहीं मंडळी मिळून दूरच्या एखाद्या खेड्यांत जातात. तेथें प्रार्थना करतात, मुलांस शिकवितात, रोग्यांची शुश्रूषा करतात, एखादी भिंत बांधतात, आणि मग आपापल्या घरीं परततात. यास अल्पकालीन सेवायात्रा म्हणतात. विमानप्रवास सुलभ झाल्यापासून पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, अशा यात्रा फार वाढल्या आहेत. आपल्याकडेहि शहरांतील ख्रिस्ती तरुण सुटींत खेड्यापाड्यांत जातात. अशा यात्रेंत जाणाऱ्याची श्रद्धा काय शिकते? त्याच्या हातून काम तें काय होतें? आणि ज्याच्या दारीं तो जातो त्याच्या पदरांत काय पडतें? हे तीन प्रश्न आज क्रमानें पाहूं.

प्रथम जाणाऱ्याचें पाहूं. या यात्रांचें मूळ लूकच्या शुभवर्तमानांतील दहाव्या अध्यायांत सांपडतें. येशूनें सत्तर शिष्यांस दोघे दोघे करून गांवोगांवीं पाठविलें, तेव्हां त्यांस घातलेली अट मोठी चमत्कारिक आहे. पैशाची थैली नको, झोळी नको, पायांत वहाणा नकोत; ज्या घरांत आश्रय मिळेल तेथेंच राहावें व पुढें येईल तें खावें. म्हणजे देण्यासाठीं निघालेल्या माणसास आधीं घेणारा व्हावें लागलें. संध्याकाळची भाकरी परक्याच्या चुलीवर अवलंबून असली म्हणजे ज्ञानाचा व दातृत्वाचा ताठा आपोआप उतरतो. शिष्य परत आले ते आपल्या हातून घडलेल्या अद्भुतांच्या आनंदांत. परंतु गुरूनें त्यांस बजावलें कीं, त्या पराक्रमाचा आनंद मानूं नका, तुमची नांवें स्वर्गांत नोंदलीं गेलीं आहेत याचा माना. पहिली शिकवण ही कीं, आपण किती केलें याचा हिशेब म्हणजे श्रद्धा नव्हे.

या शिकवणीचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्यें मुंबईस आला. कंपनी सरकारची प्रथम त्यास राहूं देण्याची इच्छा नव्हती. पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर मोकळीक मिळाली. पुढें तेरा वर्षें त्यानें मराठीचा अभ्यास, शाळा, छापखाना व नव्या कराराचें भाषांतर यांत घालविलीं. मार्च 1826 च्या आरंभीं तो दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन घाटावरील प्रदेशांत दौऱ्यावर निघाला. बेत थोड्या दिवसांचाच होता. नाशकास पोहोंचतो तों पटकीनें कहर मांडलेला. एकेका दिवसांत दोनदोनशें माणसें दगावत होतीं. हॉलनें जवळचीं औषधें आजाऱ्यांस वाटलीं, जमेल तितका उपदेश केला आणि तो परत फिरला. वाटेंत 19 मार्चच्या रात्रीं एका देवळाच्या ओसरींत त्यानें चटई टाकली. पहाटे निघण्याची तयारी चालली असतां त्यासच पटकीनें गांठलें, आणि 20 मार्च रोजीं, कांहीं तासांतच, त्याचा अंत झाला. वय 41 वर्षांचें. पत्नी व मुलें प्रकृतीच्या कारणास्तव पूर्वींच अमेरिकेस गेलीं होतीं. बरोबरच्या मुलांनींच मोठ्या कष्टानें खड्डा खणून त्यास मूठमाती दिली.

या दौऱ्याचें फळ कोणत्याहि वहींत मांडतां येण्यासारखें नाहीं. परंतु त्याच सालीं, 1826 मध्यें, अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार मुंबईंत छापून पुरा झाला. तेरा वर्षांचें संथ काम पुस्तकरूपानें उरलें. अठरा दिवसांचा दौरा दोन मुलांच्या आठवणींत उरला. कोणतें मोठें, हें ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. एक मात्र दिसतें कीं, त्या अठरा दिवसांस वजन आलें तें आधींच्या तेरा वर्षांमुळें. नाशकाच्या रोग्याशीं हॉल मराठींत बोलूं शकत होता.

आमचें पाचोड पैठण तालुक्यांत आहे, म्हणून येथें नाथमहाराजांची आठवण होणें साहजिक आहे. काशीहून रामेश्वरास न्यावयाचें गंगाजल एकनाथांनीं वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, ही आख्यायिका आपल्या मुलांस ठाऊक असते. कावड रामेश्वरास पोहोंचली नाहीं. तरी यात्रा सफळ झाली असें आपण मानतों. औषधाची पिशवी नाशकांत रिती करणारा हॉल आणि वाळवंटांत कावड रिती करणारे नाथ, यांचे धर्म भिन्न, काळ भिन्न. परंतु योजलेल्या मुक्कामापेक्षां वाटेंत भेटलेलें दुःख मोठें मानणें, ही शिकवण एकच आहे.

आतां दुसरा प्रश्न, कामाचा. थोड्या दिवसांच्या यात्रेचें खरें काम पुष्कळदां यात्रा संपल्यावर सुरू होतें. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची कन्या 1890 च्या सुमारास आईच्या आजारपणामुळें तमिळ मुलुखांत आली. कांहीं काळ राहून परत जावें, मिशनच्या कामांत पडूं नये, असा तिचा निश्चय होता. तिंडिवनम् येथें एका रात्रीं तीन निरनिराळे गृहस्थ, एक ब्राह्मण, एक मुसलमान व एक अन्य हिंदु, तिच्या दाराशीं आले. तिघांच्याहि बायका बाळंतपणांत अडल्या होत्या. तिचे वडील डॉक्टर होते. परंतु परपुरुषाकडून उपचार करून घेण्यास तिघेहि तयार नव्हते, आणि आयडाला वैद्यकाचें ज्ञान नव्हतें. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. ती अमेरिकेस परत गेली खरी, पण डॉक्टर होण्यासाठीं. आणि परत येऊन तिनें वेल्लोर येथें 1902 सालीं रुग्णालय उघडलें. तेथूनच पुढें प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें.

याच वेल्लोरच्या विद्यालयांत शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांनीं प्रथम लोकांस विचारलें, तुम्हांस काय हवें? उत्तर औषधाचें आलें नाहीं. पाण्याचें व अन्नाचें आलें. तेव्हां त्यांनीं आधीं पाण्याकडे व पोटाकडे लक्ष पुरविलें, आणि मग खेड्यांतल्याच स्त्रियांस, ज्यांतील पुष्कळ निरक्षर व दलित समाजांतील होत्या, आरोग्याचें शिक्षण देऊन गांवाचें काम त्यांच्याच हातीं सोंपविलें. 1979 मध्यें या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिंडिवनमच्या एका रात्रीपासून जामखेडच्या खेड्यांपर्यंत हा धागा ऐंशीं वर्षांचा आहे. त्या रात्रीं आयडाच्या हातून एकहि काम झालें नव्हतें. आपण किती अपुरे आहोंत हें कळणें, आणि तें कळल्यावर स्वस्थ न बसणें, ही दुसरी शिकवण होय.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि यजमानाच्या बाजूचा. यात्रेस जाणारे हर्षानें परततात, छायाचित्रें दाखवितात. परंतु मागें राहिलेल्या गांवाचें काय? 1998 सालीं मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत मिच नांवाच्या वादळानें हजारों घरें पडलीं. उत्तर अमेरिकेंतून सेवायात्रींच्या तुकड्या घरें बांधावयास गेल्या. कर्ट व्हर बीक या संशोधकानें पुढें याची चौकशी केली. प्रवासखर्च धरून परदेशी तुकडीच्या एका घरास सुमारें 30,000 डॉलर पडले. स्थानिक संस्थेनें तसेंच घर सुमारें 2,000 डॉलरांत बांधलें. घर कोणीं बांधलें यावरून त्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या स्थितींत विशेष फरक पडलेला आढळला नाहीं. आणि यात्रेहून परतलेल्यांच्या स्वतःच्या दानधर्मांत व आचरणांत टिकाऊ बदलहि फारसा दिसला नाहीं. ज्यांस वाटत होतें कीं आपलें जीवन पालटलें, त्यांचें जीवन कांहीं महिन्यांत पूर्वींच्याच चाकोरींत गेलें.

यावरून यात्रा बंद कराव्या असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. बोध हा कीं, पाहुण्याच्या कामास घरधन्याच्या कामाचा आधार हवा. जालन्याजवळचें उदाहरण घ्या. मुंबईस 1843 सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं केवळ फिरते व्याख्यान देऊन समाधान मानलें नाहीं. निजामाचे दिवाण सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनीं बेथेल नांवाचें गांव वसविलें. ते 1873 सालीं न्यूयॉर्कच्या परिषदेपर्यंत जाऊन आले; तथापि त्यांच्या कार्याचें मूळ जालन्याच्या मातींत होतें.

आमच्या पाचोडांतहि अशा संथ कामाचा दाखला आहे. येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनें मुलींचीं लग्नें लहान वयांत होऊं नयेत म्हणून खेड्यांतील किशोरींसाठीं वर्ग चालविले. हा उपक्रम धर्मोपदेशाचा नव्हता. परंतु सेवेचा पाठ म्हणून तो पाहण्याजोगा आहे. रोज संध्याकाळीं एक तास, असे वर्षभर. आणि शिकविणाऱ्या गांवांतल्याच थोड्याबहुत शिकलेल्या स्त्रिया. 1997 ते 2001 या अवधींत तेथील मुलींच्या विवाहाचें मध्यम वय 16 वरून 17 वर गेलें. एकच वर्ष, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलीस तें वर्ष मिळालें तिला विचारावें. चार दिवसांच्या पाहुण्यास हें करतां आलें नसतें. मात्र असें काम चालतें तेथें चार दिवस राहून पाहणें, आणि सांगतील तें काम मुकाट्यानें करणें, हें त्यास खात्रीनें करतां येईल.

आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. मदतीच्या आड धर्मांतराचा हेतु आहे काय, अशी शंका खेड्यांतील लोकांच्या मनांत येते. ती शंका हेटाळणीनें नव्हे, तर आचरणानें दूर केली पाहिजे. औषध, धान्य वा शाळा हीं गळास लावलेलें आमिष झालीं, कीं सेवा संपली आणि सौदा सुरू झाला. आणि सौद्यानें मिळालेली श्रद्धा घेणाऱ्याचीहि नसते व देणाऱ्याचीहि उरत नाहीं. कवि नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले, तरी त्यांनीं महाराष्ट्राची भाषा व कीर्तनाची परंपरा सोडली नाहीं. 1917 मध्यें मिशनची नोकरीहि सोडून ते स्वतंत्र झाले. मनांतील भक्ति लोकांच्या बोलींत, निरपेक्षपणें सांगावी, हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ होता असें म्हणतां येईल.

तेव्हां जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांस इतकेंच सांगणें आहे. जाण्यापूर्वीं त्या गांवची भाषा थोडी तरी शिका. आपण काय देऊं याची यादी करण्याआधीं त्यांस काय हवें तें विचारा. गांवचा गवंडी व सुतार ज्या कामानें आपलें पोट भरतो तें काम त्याच्या हातून काढून घेऊं नका. त्याच्या हाताखालीं विटा वाहा. जेथें जेवाल तेथें पाहुण्याच्या मर्यादेनें वागा. रोग्याचें वा उघड्या मुलाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं, आपल्या घरच्या माणसाचें असें छायाचित्र आपणांस चालेल काय, हें मनाशीं विचारा. आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यांतील भाषणावरून नव्हे, तर वर्षानंतरच्या आपल्या वागण्यावरून त्या यात्रेची परीक्षा करा: घरच्या मोलकरणीशीं आपण कसें बोलतों, शेजारच्या आजाऱ्याकडे किती वेळां जातों, मिळकतींतला किती भाग मुकाट्यानें बाजूस काढतों. दूरच्या गांवीं शिकलेली श्रद्धा आपल्या गल्लींत उपयोगी पडली, तर ती यात्रा घडली असें समजावें. एरवीं तो केवळ प्रवास झाला.