हिरव्या पाण्यातलं तेल



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक गृहस्थ आले. म्हणाले, "हौद बांधा, शेवाळ वाढवा, तेल आम्ही विकत घेतो." शेवाळ एका दिवसात दुप्पट होतं आणि त्यात निम्मं तेल असतं, असं त्यांचं सांगणं. त्यासाठी गटाने कर्ज काढायचं. दोघी-तिघी तयारही झाल्या. म्हणून आम्ही हा विषय नीट समजून घेतला, तोच आज सांगतो.

गंमत अशी की त्यांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काही जातींचं शेवाळ दिवसात दुप्पट होतं. काही जातींत सुक्या वजनाच्या निम्मं तेलही सापडतं. पण हे दोन्ही एकाच वेळी होत नाही.

हे विहिरीच्या पायरीवरचं निसरडं शेवाळ नव्हे. गुरांच्या हौदातलं पाणी उन्हाने हिरवं होतं ना, ते या बारीक शेवाळामुळे. एकेक पेशी म्हणजे अख्खी वनस्पतीच, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ऊन, कर्बवायू, नत्र, स्फुरद मिळालं की एकीच्या दोन होतात.

ऊन सगळ्यांना पोचायला हवं, म्हणून हौद उथळ ठेवतात, साधारण 15 ते 30 सेंटिमीटर. खोल केला तर वरचं शेवाळ खालच्यावर सावली धरतं. पाणीही सारखं हलवावं लागतं. बहुतेक जातींना 20 ते 30 अंश तापमान मानवतं. आपल्याकडचा वैशाख त्यातल्या पुष्कळांना सोसायचा नाही.

आता तेलाचं. युरिया जास्त झाला की कपाशी नुसती फोफावते, बोंडं कमी धरते, हे आपण पाहतोच. संत्र्याला, डाळिंबाला बहार धरायला पाण्याचा ताण देतात. शेवाळाला ताण देतात तो नत्राचा. नत्र संपलं की प्रथिनं बनत नाहीत, पेशीच्या दोन होणं थांबतं. ऊन मात्र पडतच असतं. मग उन्हातून कमावलेलं सगळं ती तेलाच्या रूपात साठवू लागते. हिरवं पाणी पिवळट दिसायला लागतं. काही जाती तर तेलाऐवजी पिठूळ पदार्थच साठवतात. म्हणजे तेलाचा टक्का चढतो तेव्हा वाढ थांबलेली असते.

अमेरिकेच्या सरकारने 1978 ते 1996 या काळात याच गोष्टीवर काम केलं. सुमारे 3000 प्रकारचं शेवाळ गोळा केलं. न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेल इथे हजार चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठ्यांचे, हौद चालवले. नत्र तोडल्यावर पेशीतलं तेल वाढलं, पण हौदातून निघणारं एकूण तेल काही वाढलं नाही. तिथल्या थंड रात्रींनी वाढ मंदावली. उघड्या हौदात सोडलेली निवडक जात मागे पडून परिसरातलंच शेवाळ माजायचं. शेतातल्या तणासारखंच ते! शेवटी हे तेल खनिज डिझेलपेक्षा महागच पडतं, असं त्यांच्या अहवालात आलं.

आपण घरचा हिशेब करू. उघड्या हौदाच्या एका लिटर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ धरा. 1000 लिटरच्या टाकीतून अर्धा किलो. त्यात पाचवा हिस्सा तेल धरलं तर एका काढणीला शंभर ग्रॅम. अर्धा किलो शेंगदाण्यांतून घाण्यावर याच्या जवळपास दुप्पट तेल निघतं. शिवाय शेंगदाणे हाताने वेचता येतात. हे शेवाळ कापडातून सरळ निसटतं. ते पाण्यातून वेगळं काढायला दुधातली मलई काढतात तसलं गरगर फिरणारं यंत्र लागतं, मग वाळवणं, मग तेल काढणं. विजेचं बिल आलंच.

स्पिरुलिनाची गोष्ट वेगळी. ती पावडर करून खाण्यासाठी विकतात, तेलासाठी नाही. ते गृहस्थ बोलताना दोन्हींची सरमिसळ करत होते, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

आम्ही त्यांना निरोप धाडला: टक्के राहू द्या, एका हौदातून महिन्याला किती किलो तेल निघतं आणि विजेचा खर्च कोण देणार, एवढं लिहून द्या. कागद अजून आलेला नाही. कर्जाचा ठराव तोवर बाजूला ठेवला आहे.