छतपंख्याचा हिशेब

छताचा पंखा खोलीतील हवा थंड करीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या निवडीचा विचार नीट होत नाही. पंखा हवा केवळ हलवतो; हलती हवा त्वचेवरील घाम सुकवते आणि घाम सुकताना शरीरातील उष्णता खर्ची पडते, म्हणूनच खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवणे म्हणजे निव्वळ वीज जाळणे होय. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घाम आपणहून लवकर सुकत नसल्याने ही मदत मोलाची ठरते. उलट विदर्भात मे महिन्यात पारा शरीराच्या तापमानापलीकडे गेला की तोच पंखा गरम झळा अंगावर आणतो आणि घरोघरी कूलरची गरज पडते.

दुकानात मात्र पात्यांची नक्षी, रंग आणि फार तर मिनिटाला होणारे फेरे पाहिले जातात. फेऱ्यांचा आकडा फसवा असतो, कारण पात्याची रुंदी आणि त्याला दिलेला पीळ कमी असेल तर ते भराभर फिरूनही थोडीच हवा खाली लोटते. पाहण्याजोगे आकडे दोनच: पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा लोटतो आणि त्यासाठी किती वॅट वीज घेतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले असता मिळणाऱ्या मूल्यावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन ठरते आणि १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर हे लेबल लावणे सक्तीचे झाले आहे. बारा तास चालणारा ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला ०.९ युनिट घेतो, तर ३० वॅटचा ब्रशलेस मोटारीचा, म्हणजे दुकानी भाषेत बीएलडीसी, पंखा ०.३६ युनिटवर भागवतो. वर्षातील आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटांचा फरक पडतो. बीएलडीसी पंखा महाग असला तरी दिवसरात्र फिरणाऱ्या पंख्याच्या जागी परवडतो. पाहुण्यांच्या खोलीत, जेथे पंखा वर्षातून पंधरा दिवस फिरतो, तेथे त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्याची गती त्याच्यातीलच इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळते, त्यामुळे तो भिंतीवरील जुन्या रेग्युलेटरमधून न जोडता थेट बटणावर घ्यावा लागतो.

दहा बाय बाराच्या खोलीला १२०० मिलिमीटर, म्हणजे ४८ इंची, पंखा पुरतो; लांबट दिवाणखान्यात मात्र मधोमध एक मोठा पंखा टांगण्यापेक्षा माणसे जेथे बसतात तेथे दोन लावणे शहाणपणाचे. पाती स्लॅबपासून साधारण फूटभर खाली असावीत, कारण पंखा वरून हवा ओढत असल्याने छताला चिकटलेला पंखा उपाशी राहतो. मात्र जमिनीपासून ती आठ फुटांच्या आसपास तरी उंच हवीत.

नेहमीच्या इंडक्शन पंख्याचे सर्वांत सामान्य दुखणे म्हणजे तो मंदावणे. घरगुती एकफेजी वीजपुरवठ्यावर मोटारीला फिरण्याची दिशा आपोआप मिळत नाही. म्हणून तिच्यात दोन वाइंडिंग असतात आणि दुसऱ्यातील प्रवाह थोडा मागेपुढे करण्याचे काम कंडेन्सर करतो. उष्णतेने वर्षानुवर्षे त्याची क्षमता घटत जाते आणि एके दिवशी काठीने ढकलल्याशिवाय पंखा सुरूच होत नाही. अशा वेळी मोटार जळाली असे मानून पंखा भंगारात काढणे घाईचे ठरते, कारण कंडेन्सर ही अल्प किमतीची वस्तू आहे. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या क्षमतेचाच, बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा, असावा. जोर वाढेल या समजुतीने मोठा बसविल्यास वाइंडिंग तापते. घरघर किंवा करकर आवाज हे बहुतेकदा बेअरिंगचे लक्षण असते आणि तेथे तेलाचे थेंब सोडण्यापेक्षा बेअरिंग बदलणेच बरे.

धूळ पात्याच्या पुढच्या, हवा कापणाऱ्या कडेवर जाड बसते, तेथील आकार बिघडवते आणि हवा कमी करते. मेन बंद करून, जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून तो बाहेर ओढला तर धूळ अंथरुणावर पडत नाही. मात्र दुसऱ्या हाताने पात्याला खालून आधार द्यावा, नाहीतर दाबाने त्याचा धातूचा हात वाकतो आणि पंखा डोलू लागतो. एका पंख्याची पाती वजन जुळवून दिलेली असल्याने दुसऱ्या पंख्याचे पाते त्यात बसवणेही याच कारणाने टाळावे.

एवढी निगा राखणारी घरेही दांडीच्या वरची वाटी सहसा खाली सरकवून पाहत नाहीत, आणि चार-पाच किलोंचा फिरता भार तर तेथेच टांगलेला असतो. वर्षातून एकदा आतील हुक गंजला आहे का, रबराची गुट्टी चिरली आहे का आणि बोल्ट सैल झाला आहे का हे तपासावे. बोल्टमध्ये अडकवलेल्या पिनेची दोन्ही टोके विरुद्ध बाजूंना वाकवलेली असावीत, कारण सरळ राहिलेली पिन पंख्याच्या थरथरीने कणाकणाने बाहेर सरकत राहते.