संगणकातील कागदपत्रांची बेगमी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपल्याकडील घराघरांतून बेगमीची लगबग चालू असते. तांदूळ कणगीत पडतो, सरपण पडवीत रचले जाते, मीठ-मिरची बरण्यांत भरली जाते. ओढ्याला पूर येऊन बाजाराची वाट बंद झाली, तरी घरची चूल पेटली पाहिजे, हा त्यामागील साधा हिशेब. हाच हिशेब आता घरातील आणखी एका ठेव्याला लावण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. तो ठेवा म्हणजे संगणकावर ठेवलेली आपली कागदपत्रे.

पूर्वी असे कागद पत्र्याच्या पेटीत असत. आज मुलांच्या गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचे दाखले, गोव्यातील एक-चौदाचा उतारा किंवा बेळगावकडील आरटीसी, दवाखान्याचे अहवाल, हे सारे स्कॅन करून 'क्लाउड'मध्ये ठेवण्याची चाल पडली आहे. क्लाउड म्हणजे ढग. परंतु हा ढग आकाशात नसतो. गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारतींत अहोरात्र चालणारे संगणक असतात. त्यांत आपली फाइल जाऊन बसते व इंटरनेटच्या वाटेने आपण ती परत मागवितो. घरचा संगणक बिघडला, चोरीस गेला, तरी कागद सुरक्षित राहतो. सोय मोठी आहे, यात संशय नाही.

परंतु ही वाटच बंद पडली तर? खानापूरच्या रानालगतच्या गावांतून किंवा सत्तरी-सांग्याच्या बाजूस मुसळधार पावसात वीज जाते आणि थोड्या वेळाने मोबाइलचा मनोराही मुका होतो. लॅपटॉपची बॅटरी दोन-चार तास चालते; पडद्यावर फाइलींची नावे ओळीने दिसत असतात; आणि नावावर बोट ठेवताच फाइल उघडत नाही. उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, किंवा आज रात्री आजोबांना तालुक्याच्या इस्पितळात न्यावयाचे आहे, अशा वेळी हे घडले म्हणजे काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

वाचकहो, येथे एकच गोष्ट नीट ध्यानी घ्यावयाची आहे. पडद्यावर फाइलीचे नाव दिसणे आणि फाइल घरात असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. गोदामातील धान्याची पावती आपल्या खिशात असली, म्हणून भात शिजत नाही. धान्य घरात आणावे लागते.

हा घोटाळा आपल्याच गावकऱ्यांचा होतो असेही नव्हे. मायक्रोसॉफ्टने 2013 साली विंडोज 8.1 मध्ये अशीच सोय आणली होती. क्लाउडमधील सर्व फाइलींची नावे संगणकावर दिसत, परंतु प्रत्यक्ष फाइल मागविल्यावरच उतरत असे. पुष्कळ लोक फसले. फाइल जवळ आहे अशा समजुतीने ते प्रवासास निघाले आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी हात चोळीत बसले. पुढे 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 मधून कंपनीने ती सोय काढून टाकली आणि 2017 मध्ये सुधारून पुन्हा आणली. या वेळी प्रत्येक फाइलीशेजारी तिची स्थिती सांगणारी खूण ठेवली. त्या खुणा वाचता आल्या की अर्धे काम झाले.

वनड्राइव्हच्या फोल्डरात निळ्या रेषेचा पोकळ ढग दिसला, तर फाइल केवळ क्लाउडमध्ये आहे. घरी फक्त तिचे नाव आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी बरोबरची खूण असेल, तर आपण ती फाइल एकदा उघडल्यामुळे तिची प्रत संगणकावर उतरली आहे. मात्र ही प्रत पाहुण्यासारखी समजावी. डिस्कवरील जागा मोकळी करण्याची स्वयंचलित व्यवस्था चालू असेल, तर बरेच दिवस न उघडलेली अशी प्रत ती काढून टाकू शकते. तिसरी खूण भरीव हिरव्या वर्तुळातील पांढऱ्या बरोबरची. ही फाइल मात्र घरची झाली. आपण सांगितल्याखेरीज ती हलत नाही.

ही तिसरी खूण मिळविण्यास फार खटपट नको. फाइलीवर किंवा संपूर्ण फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबावी आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' ही ओळ निवडावी. इंटरनेट चालू ठेवून सर्व फाइली उतरेपर्यंत थांबावे. ड्रॉपबॉक्समध्ये याच कामासाठी 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन' अशी ओळ असते. गूगल ड्राइव्हचा संगणकावर बसविण्याचा जो प्रोग्रॅम आहे, त्यात दोन रीती आहेत. 'स्ट्रीम' या रीतीत फाइली क्लाउडमध्ये राहतात व हव्या तेवढ्याच ऑफलाइन ठेवता येतात. 'मिरर' या रीतीत आपल्या 'माय ड्राइव्ह'मधील सर्व फाइली संगणकावर उतरतात.

गूगलच्या बाबतीत एक मेख आहे. गूगल डॉक्समध्ये लिहिलेले पत्र वा शीट्समधील जमाखर्च संगणकावर फाइलीसारखा दिसला, तरी ती फाइल नसून मूळ कागदाकडे नेणारा केवळ पत्ता असतो. हे कागद इंटरनेटविना उघडावयाचे, तर क्रोम किंवा एज या ब्राउझरात ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑफलाइन'ची सोय आधी चालू करावी लागते, आणि तीही इंटरनेट असतानाच. महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ प्रत काढून ठेवणे हा आणखी सोपा मार्ग होय.

सर्वच घरी ठेवले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते जागेचे. लग्नाचा व्हिडिओ व हजारो छायाचित्रे डिस्क भरून टाकतात. याउलट स्कॅन केलेले पान बहुधा एक-दोन एमबीच्या आत बसते. असे शंभर कागद ठेवले तरी दोनशे एमबी, म्हणजे एका जीबीचा पाचवा हिस्सा. म्हणून आमची सूचना अशी, की 'घरचे कागद' या नावाचा एकच फोल्डर करावा, नडीच्या वेळी लागणारे सर्व कागद त्यात आणावे आणि तेवढाच फोल्डर कायम ऑफलाइन ठेवावा. छायाचित्रे खुशाल ढगात राहू द्यावीत.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. जागा मोकळी करावयाची असेल, तर 'फ्री अप स्पेस' ही ओळ निवडावी. फाइल डिलीट करू नये. पहिल्याने केवळ घरची प्रत जाते, दुसऱ्याने क्लाउडमधील मूळही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस असते, त्यानंतर नाहीशी होते. यावरून हेही दिसून येईल, की घरची प्रत व क्लाउडमधील प्रत एकमेकींस बांधलेल्या आहेत. एक पुसली की दुसरीही पुसली जाते. म्हणून अत्यंत मोलाच्या कागदांची तिसरी, मोकळी प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवणे शहाणपणाचे.

इंटरनेट नसताना एखाद्या फाइलीत फेरफार केला, तर पुढे इंटरनेट येताच संगणक थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे नवी प्रत वर पोचेल. त्याच अवधीत पुण्यातील मुलाने आपल्या संगणकावर तीच फाइल बदलली असेल, तर पुष्कळदा दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात. मग कोणती खरी, हे माणसालाच ठरवावे लागते. आणि सायबर कॅफेतील किंवा परक्याच्या संगणकावर ऑफलाइनची सोय कधीही चालू करू नये. आपले कागद तेथेच मागे राहतील.

शेवटी परीक्षा. सर्व काही झाल्यावर वाय-फाय मुद्दाम बंद करावे आणि त्या फोल्डरातील प्रत्येक फाइल एकेक करून उघडून पाहावी. जी उघडली ती आपली. जी उघडली नाही ती अजून ढगात आहे, असे समजावे. हे काम घरातील शिकत्या मुलामुलींकडे सोपवावे, पण आईवडिलांनी शेजारी बसून पाहावे, कारण मुले शिक्षणास वा नोकरीस बाहेरगावी गेल्यावर ऐन वेळी तो संगणक आईवडिलांनाच उघडावा लागणार आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा उन्हाळ्यातील एक संध्याकाळ या कामी खर्च झालेली बरी. सरपण भरून झाले की हेही काम त्याच आठवड्यात उरकून घ्यावे.